जुन्या मॅसी फर्ग्युसनचे तापणे: दोन हंगामांच्या वापरानंतरचा अनुभव

गोव्यातील पेडणे तालुक्यात आमच्या शेतावर मॅसी फर्ग्युसन ३५ अजून कामाला आहे. पर्किन्सचे तीन सिलिंडरचे, १५२ घनइंची, म्हणजे सुमारे अडीच लिटरचे हे डिझेल इंजिन मुळात दणकट. मात्र केजव्हील (चिखलात चालणारी लोखंडी पिंजऱ्यासारखी चाके) लावून चिखलणी सुरू केली की तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागे. वायंगणाआधी, म्हणजे रब्बी भाताआधी, रेडिएटरचा कोअर (नळ्या-जाळीचा गाभा) नवा बसवला, थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी झडप), झाकण, होस आणि कूलंट बदलले. आता सरदाची, म्हणजे खरीप भाताची, चिखलणीही आटोपली असून काटा भर उन्हातही मध्याच्या पुढे गेलेला नाही.

इंजिन नेमके केव्हा तापते, हे सुटे भाग घेण्याआधी पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. उभ्या जागी मंद गतीवरही तापत असेल, तर फॅन बेल्ट, पाण्याचा पंप किंवा बंद अडकलेला थर्मोस्टॅट यांवर संशय घ्यावा. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर अर्धा-पाऊण इंच दबला पाहिजे. बाहेर कोठे गळती नसताना पाणी कमी होत असेल आणि थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटकडे (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधील सीलकडे) पाहावे. आमचा ट्रॅक्टर केवळ भाराखाली तापत होता आणि बुडबुडे अजिबात नव्हते, त्यामुळे एका मिस्त्रीने सुचवूनही हेड उघडू दिले नाही.

खरे कारण दोन ठिकाणी निघाले. खालच्या होसच्या आतील स्प्रिंग गंजून तुटली होती. मंद गतीवर होस गोल आणि धडधाकट दिसे. पण रेझ (इंजिनाची गती) वाढवताच पंपाच्या ओढीने ती मधोमध आत बसे आणि रेझ सोडला की पुन्हा फुगून पूर्ववत होई. हे रेडिएटरजवळ वाकून, पंख्यापासून हात व कपडे दूर ठेवून पाहिले तरच कळते. दुसरा दोष कोअरमध्ये होता. इन्फ्रारेड तापमापक रेडिएटरवर फिरवला तेव्हा वरचा भाग कढत, तर एका बाजूचा मोठा पट्टा जवळजवळ गार होता, म्हणजे तेथील नळ्या गाळाने बुजल्या होत्या. चकचकीत पितळेवर हे उपकरण खरे तापमान दाखवत नाही, म्हणून मोजायच्या जागी आधी काळा रंग लावावा.

थर्मोस्टॅटविषयी आग्रहाने सांगतो, कारण आपल्याकडे उष्ण हवेचे निमित्त करून तो सर्रास काढून टाकतात. तसे केल्यास हलक्या कामात इंजिन योग्य तापमानापर्यंत पोहोचतच नाही, अर्धवट जळालेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि लायनर (सिलिंडरच्या आतील नळ्या) लवकर झिजतात. जुना थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगून, शेजारी तापमापक धरून पाणी तापवावे. कोरलेल्या अंशाच्या आसपास, आमच्या बाबतीत ८२ अंशांना, तो उघडला पाहिजे.

झाकण क्षुल्लक वाटते, पण ७ पीएसआयचा दाब टिकला तर साधे पाणीही १०० ऐवजी सुमारे १११ अंशांना उकळते. अर्थात गरम असताना ते कदापि उघडू नये. कूलंटमुळे इंजिन अधिक थंड राहते, ही समजूत मात्र सोडावी. ग्लायकॉल मिसळलेले पाणी उष्णता किंचित कमीच वाहून नेते. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही. कूलंट घालायचे ते गंज रोखण्यासाठी. खाजनालगतच्या (खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीलगतच्या) विहिरीचे मचूळ पाणी तर रेडिएटरमध्ये घालूच नये, कारण त्यातील क्षार पितळ आणि बीड दोन्ही खातात. मी डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेले कूलंट वापरतो आणि ते दोन वर्षांनी बदलणार आहे.

सर्वाधिक समाधान पितळी कोअरने दिले. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे पूर्वी कोणीतरी काढून टाकले होते; तेही परत बसवले, तेव्हा मंद गतीच्या कामातही हवा जाळीतूनच ओढली जाऊ लागली. मळणीनंतर जाळीत भुसा अडकतो. तो पंख्याच्या बाजूने कमी दाबाच्या पाण्याने धुवावा, अन्यथा पातळ पत्र्या वाकतात. बाजारातील स्वस्त होस मात्र निराशाजनक निघाली; आवळपट्टीखाली ती आताच भेगाळू लागली आहे. पंपाच्या खालच्या छिद्रातून थेंब झिरपू लागला असल्याने पुढील वायंगणाआधी त्याचे सील आणि बेअरिंग एकत्रच बदलून घेणार आहे.