सरकारी हायस्कूलमधून खासगीत: बदली-प्रवेश विभाग कसा वाटतो?

खासगी हायस्कुलांच्या प्रवेश विभागात बोलणे गोड, पण माहिती अपुरी. मागची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेश चाचणी. यादी इथेच संपते. खरी गोची विषयांची. जुन्या शाळेत बीजगणित झालेले, नव्या शाळेत त्याच वर्षी भूमिती. दुसरी भाषा तर इथे आधीच्या इयत्तेत सुरू झालेली. मग त्या विषयापुरते मुलाला खालच्या वर्गात बसवतात आणि हे पुष्कळदा फी भरल्यावर कळते. म्हणून प्रत्येक विषयाचा झालेला भाग अर्जासोबतच द्यावा आणि कोणता विषय कोणत्या इयत्तेचा धरणार, ते लेखी मागावे. तोंडी 'बघू' म्हणजे नाहीच समजा.

जागा पक्की झाल्याचे पत्र हातात येईपर्यंत जुन्या शाळेतून नाव काढू नये; शाळा सोडल्याचा दाखला त्यानंतरच द्यावा.

फीच्या पत्रकात शिकवणी शुल्क ठळक. गणवेश, बस, प्रयोगशाळा आणि परत न मिळणारे प्रवेश शुल्क तळाशी बारीक अक्षरांत. शुल्कसवलतीचे विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि वर्षाच्या मध्यात तिचा निधी बहुधा वाटून झालेला असतो. शाळा फिरवून दाखवतात ती चकचकीत बाजू. त्यापेक्षा मुलाला दिवसभर वर्गात बसू देणारी शाळा बरी.