वेल्ड-इन रोल केज किट: एका हंगामानंतर

मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही घरी बांधलेल्या छोट्या हॅचबॅकमधून हौशी रॅली खेळतो. गाडी मी चालवते, तो शेजारी बसून पेस नोट्स, म्हणजे पुढच्या वळणांच्या नोंदी, वाचतो. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं स्वतःच्या हातांनी केलं, पण रोल केजचे, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्याचे, पाइप वाकवायचं मशीन आमच्याकडे नाही. म्हणून किट मागवलं. पाइप वाकवून आणि टोकं कापून येतात. बसवायचं आणि वेल्ड करायचं काम आपलं.

खोकं उघडल्यावर आधी मोजमापाचा व्हर्निअर हातात घेतला. सीटच्या मागची मुख्य कमान एकाच अखंड पाइपची, ४५ मिमी व्यास, २.५ मिमी जाडी. बाकीचे पाइप ३८ बाय २.५. मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए, तिच्या नियमावलीतल्या परिशिष्ट जे मध्ये हे किमान माप दिलंय. वाकवलेल्या जागी पाइप थोडा चपटा होतोच, पण तिथला लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीपेक्षा कमी भरता कामा नये. मला ४३.४ आणि ४५.९ मिळाले, म्हणजे ०.९४ च्या वर. आतल्या बाजूवरून बोट फिरवलं, एक सुरकुती लागली नाही. या कामासाठी बनवणाऱ्यांना मनापासून दाद. सगळं मिळून वजन ४१ किलो भरलं.

दाराच्या आडव्या पाइपांनी मात्र निराशा केली. या पाइपांच्या टोकांना माशाच्या तोंडासारखी खाच असते, ती समोरच्या पाइपाला घट्ट मिठी मारून बसली पाहिजे. डावीकडच्या एका टोकाला चक्क ४ मिमीची फट होती. भाऊ म्हणाला, ‘ताई, वेल्डनेच भरून टाकू.’ मी ऐकलं नाही. एवढी फट भरत बसलं की पाइपची कड जळून पातळ होते, आणि ते दार त्याच्याच बाजूचं होतं. कळवल्यावर बदली पाइप अकरा दिवसांत आला, कुरकूर न करता. तो चपखल बसला.

खरा राग आहे तो माहितीपत्रकावर. एक पान, एक आकृती. छताजवळचे सांधे वरून कसे वेल्ड करायचे, यावर एक ओळ नाही. केज छताला इतका चिकटून बसतो की पाइपच्या वरच्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च जातच नाही. आम्ही हात पोचला तिथवर वेल्ड केलं, रंग मारला आणि पहिल्या रॅलीला गेलो. स्क्रूटिनीला, म्हणजे रॅलीआधीच्या गाडीच्या तपासणीला, तपासनीसाने खिशातून दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा काढला, काचेच्या वरच्या कोपऱ्यात सरकवला आणि मला म्हणाला, ‘बघा.’ आरशात सांध्याची मागची बाजू दिसत होती, पाइपवर पाइप नुसता टेकलेला. वेल्ड पाइपच्या पूर्ण घेरातून असलाच पाहिजे. आम्ही त्या दिवशी स्टेजवर, म्हणजे वेळ मोजून धावायच्या टप्प्यावर, उतरलो नाही. तो अगदी बरोबर होता, आणि त्याने आरशात दाखवलेली ती बोटभर न वेल्ड झालेली जागा मी विसरणार नाही.

घरी येऊन केज पायाशी कापून सोडवला. पायांखालच्या फ्लोअरला भोकं पाडली, त्यातून अख्खा केज १०० मिमी खाली उतरवला आणि छतापासून मोकळ्या झालेल्या सांध्यांवर वरून वेल्ड मारला. मग केज वर उचलून, भोकांवर ३ मिमीच्या पायपट्ट्या ठेवून पाय पक्के केले. हे पहिल्याच दिवशी करायचं असतं. तुम्ही किट घेणार असाल तर पायपट्ट्या सगळ्यात शेवटी वेल्ड करा. फ्लोअरखालचं डांबरी अंडरकोट आधी खरवडून काढा, ते पेट घेतं आणि वेल्डही खराब करतं. बॅटरी सोडवा. काचांवर फायर ब्लँकेट टाका. आमच्या पुढच्या काचेवर ठिणग्यांचे दाणे कायमचे रुतून बसलेत.

डोकं जिथे लागू शकतं तिथलं पॅडिंग किटमध्ये नाही, वेगळं घ्यावं लागतं. मऊ फोमवर भागवू नका, एफआयए ८८५७-२००१ हे मानक लिहिलेलंच घ्या.

आता गाडीबद्दल. केजच्या आधी पुढचं एक चाक जॅकवर उचललं की बॉडी पिळायची आणि त्या बाजूचं दार लागायचं नाही, खांदा लावावा लागायचा. पुढच्या रॅलीत सर्व्हिसमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यावर, टायर बदलताना भाऊ तसाच जॅकवरच्या गाडीतून उतरला आणि सवयीने दाराला खांदा लावायला वळला. मी म्हटलं, थांब. बोटाने ढकललं, टक् करून लागलं.