द्राक्षबागेतल्या गुरूंसोबत चाखलेल्या तीन वाईन

सुलाची पांढरी शेनिन ब्लाँ, फ्राटेलीची लाल सांजोव्हेसे आणि सुलाचीच गोड लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ या तीन वाईन यंदा एप्रिलची खरड छाटणी (द्राक्षे निघाल्यावर वेलींची होणारी मोठी छाटणी) आटोपल्यावर सांगलीत घरी चाखल्या. मला वाईन चाखायला शिकवणारे, फळबागशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक असलेले सर आणि विद्यार्थिदशेत ज्यांच्या बागेत मी हातात कात्री धरली ते तासगाव तालुक्यातील आप्पा, असे माझे दोन्ही गुरू सोबत होते. एकच बाटली घ्यायची असेल तर पहिली, पांढरी शेनिन ब्लाँ घ्यावी, असे माझे मत आहे; मात्र त्या संध्याकाळी सर्वाधिक बोलणे झाले ते सांजोव्हेसेवर.

सरांच्या शिस्तीप्रमाणे बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या होत्या, आधी पांढरी, मग लाल आणि शेवटी गोड असा क्रम होता, आणि प्रत्येकाने आपले मत कागदावर उतरवल्याशिवाय तोंड उघडायचे नव्हते. पेला तिसरा हिस्साच भरायचा, म्हणजे वाईन फिरवायला आणि वास साठायला जागा राहते. लाल वाईन घरातल्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड हवेच्या मुलखातला आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीचा पारा तिशीच्या वर असतो आणि तेवढ्या उष्णतेत नाकाला फक्त अल्कोहोल जाणवतो. त्यामुळे लाल बाटलीही अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवून मगच उघडली.

राजीव सामंत यांनी १९९९ साली नाशिकजवळ सुरू केलेल्या सुलाची शेनिन ब्लाँ फिकट पिवळी आहे. पहिला वास पिकत आलेल्या पेरूचा येतो, मागून लिंबाच्या सालीचा. गोडी आहे, पण ती जिभेवर रेंगाळत नाही, कारण आंबटपणा तिला लगेच आवरतो. सोबत सांगलीचे भडंग ठेवले होते. लसूण आणि तिखट जिभेवर असताना अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही झोंबतात. या वाईनमध्ये तुरटपणा नावालाही नाही आणि थोडी साखर आहे, म्हणून ती तिखटापुढे टिकते. आपल्या जेवणासोबत वाईन घेऊ पाहणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.

सांजोव्हेसे ही मूळची इटलीतल्या टस्कनीची जात. फ्राटेलीने ती सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात लावली आहे. पेल्यात रंग गडद नाही, माणकासारखा पारदर्शक लाल आहे. वास आंबटसर लाल फळांचा आणि किंचित कोऱ्या चहाचा. घोट घेतल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या. मी कागदावर ‘तुरट, पण रुक्ष नाही’ एवढेच लिहिले. आप्पांनी दुसरा घोट तोंडात बराच वेळ घोळवला आणि म्हणाले, “द्राक्षांची तोड घाईत झालेली नाही. बी पिकलेली आहे हिची.” सरांनी मान डोलावली आणि पुढचा बराच वेळ ते दोघेच बोलत राहिले. द्राक्षाचा तुरटपणा सालीतून आणि बीमधून येतो. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर, साखर भराभर वाढते, पण बी हिरवीच राहिलेली असू शकते, आणि नुसती साखर बघून तोड केली तर हिरव्या बीचा कडवटपणा वाईनमध्ये उतरतो. बी तपकिरी झाली आणि दाताखाली कटकन फुटली की तुरटपणा मऊ होतो. आप्पांनी उमेदीच्या काळात अनाबेशाही आणि चीमा साहेबी या बियांच्या जाती सांभाळल्या होत्या; पुढे थॉम्पसन आणि तास-ए-गणेश या बिनबियांच्या जाती आल्यावर बियांशी संबंध संपला, पण ती परीक्षा जिभेला अजून आठवते. बाटलीवर छापलेल्या, आपण कधी न खाल्लेल्या फळांच्या नावांपेक्षा आप्पांचे बी पिकल्याचे ते एक वाक्य मला या वाईनबद्दल जास्त सांगून गेले. ही वाईन मटणाच्या रश्श्यासोबत घ्यावी, मात्र रस्सा फार जहाल नसावा.

लेट हार्वेस्ट छोट्या बाटलीत मिळते आणि तेवढीच पुरते. यासाठी द्राक्षे वेलीवर जास्त दिवस ठेवतात, मण्यातले पाणी आटते आणि साखर घट्ट होते. आप्पांनी पेला नाकाशी नेला आणि न पिताच खाली ठेवून म्हणाले, “मार्चमधलं बेदाण्याचं शेड आहे हे.” त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे होते. जाळीवर पसरलेला माल निम्मा सुकल्यावर जो मधाळ वास शेडभर असतो, तोच पेल्यातून येत होता. सरांना ती जरा जास्त गोड वाटली. मला मात्र शेवटी राहणारी आंबट धार आवडली, कारण तिच्यामुळे पुढचा घोट घ्यावासा वाटतो.

चौथी म्हणून आणलेली एक महागडी लाल बाटली चाखण्याच्या लायकीचीच नव्हती. ज्या दुकानातून ती घेतली, तिथे बाटल्या उन्हाच्या बाजूच्या काचेच्या कपाटात उभ्या असतात. तिचे बूच बाटलीच्या कडेपेक्षा वर सरकले होते आणि वाईनला शिजवलेल्या जॅमचा वास येत होता. घेताना बाटलीच्या तोंडावरून बोट फिरवून बूच वर आले आहे का ते पाहावे, बुचाला ओल किंवा चिकटपणा असल्यास ती घेऊ नये, आणि आपल्या भागात शक्यतो फिरकीच्या झाकणाची पांढरी वाईन पसंत करावी, असे सरांनी सांगितले. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर आपल्या पलूसलाही वाईन पार्क झाले, तरी सांगलीच्या दुकानांत वाईन अजून दारूच्या बाटल्यांसारखीच हाताळली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उरलेल्या वाईन झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवल्या. शेनिन तिसऱ्या दिवशीही ताजी होती, सांजोव्हेसे दुसऱ्या दिवशी उलट अधिक मऊ लागली आणि लेट हार्वेस्ट आठवडाभर टिकली. पुढच्या बैठकीसाठी आप्पांनी सांजोव्हेसेच मागितली आहे, तीही दोन वेगवेगळ्या वर्षांची, म्हणजे कोणत्या वर्षी तोड लवकर झाली ते जिभेवर ओळखता येईल.