करिअर मार्गदर्शनाचा डिप्लोमा नोकरी सांभाळून: संध्याकाळचा वर्ग की भोपाळ?

नोकरी न सोडता करिअर मार्गदर्शनाचं रीतसर शिक्षण घ्यायचं, तर मुंबईतल्या माणसापुढे आज दोनच खऱ्या वाटा उरल्या आहेत, असं माझं मत झालंय. एक म्हणजे इथल्याच एखाद्या कॉलेजचा, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी चालणारा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा पदव्युत्तर डिप्लोमा. दुसरी म्हणजे एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय संस्थेचा वर्षभराचा डिप्लोमा, ज्यासाठी तीन महिने भोपाळला जाऊन राहावं लागतं. मी मुलुंडच्या एका दिवसभराच्या शाळेत शिकवतो आणि यातली दुसरी वाट धरली. त्यामुळे पुढचं सगळं त्या बाजूला थोडं झुकलेलं वाटलं, तर ते तसंच आहे.

कालपरवापर्यंत तिसरी वाटही होती आणि तीच सगळ्यात गर्दीची होती: दूरशिक्षणातून मानसशास्त्राचं एमए. इग्नू या मुक्त विद्यापीठाला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालायचा, त्यामुळे बँकवाले, एचआरवाले, आमच्यासारखे बीएड झालेले, सगळे तिकडेच जायचे. पण 2021 च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याखाली येणारे विषय, आणि त्यात मानसशास्त्रही आलं, दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन शिकवायला यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे. जुने व्हिडिओ आणि जुने सल्ले अजून फिरताहेत, त्यांच्या भरवशावर बेत आखू नका. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात नियमित एमए करणं हा उत्तम पर्याय, पण तो नोकरी सोडणाऱ्यांसाठी.

परदेशी विद्यापीठांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांबद्दलही बरेच जण विचारतात. ब्रिटनमध्ये करिअर मार्गदर्शन हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा आहे. त्याची व्यावसायिक संस्था आहे, सल्लागारांची नोंदवही आहे, नोकरी करत करायचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. सैद्धांतिक बाजू बघितली तर हेवा वाटावा असं काम. पण त्यातली उदाहरणं जीसीएसई, ए लेव्हल या तिथल्या शालेय परीक्षांची आणि तिथल्या अप्रेंटिसशिपची. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलाचे प्रश्न अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे, सीईटीला पीसीएम घ्यावं की पीसीबी याचे, आणि आयटीआयला गेलो तर पुढे डिप्लोमा इंजिनिअरिंगला जाता येतं का याचे. पौंडात फी भरून ही दरी पुन्हा आपणच बुजवायची, हे मला पटलं नाही. ज्यांना पुढे परदेशी शिक्षणाच्या सल्लागारीत जायचंय, त्यांचं गणित वेगळं असू शकेल.

आता कागदाचं मोल. भारतात करिअर मार्गदर्शक म्हणून पाटी लावायला परवाना लागत नाही. म्हणूनच तर दर सोसायटीच्या तळमजल्यावर एक सापडतो. पण शाळेत काम करायचं असेल तर कागद बघतात. सीबीएसईच्या नियमांत समुपदेशकाच्या पदासाठी मानसशास्त्राच्या पदवीबरोबरच ‘पदवी अधिक करिअर मार्गदर्शन व समुपदेशनाचा डिप्लोमा’ अशीही पात्रता धरली जात होती. हे नियम बदलत असतात, अर्ज करताना ताजी प्रत वाचावी. या बाबतीत वरच्या दोन्ही वाटा साधारण सारख्याच पोचवतात. एनसीईआरटीच्या डिप्लोमाच्या नावात ‘पदव्युत्तर’ हा शब्द नाही, पण तो पदवीनंतरचाच आहे. मुलाखतीला बसलेले मुख्याध्यापक ‘एनसीईआरटी’ हे नाव वाचूनच मान डोलावतात असा माझा अनुभव. मात्र पुढे पीएचडी करायची असेल किंवा स्वतःला मानसशास्त्रज्ञ म्हणवायचं असेल, तर दोन्हीकडे वेळ घालवू नका. त्यासाठी एमए हवंच.

अभ्यासक्रमातही फार फरक नाही. पार्सन्सपासून सुपरपर्यंतचे करिअर-निवडीचे सिद्धांत, हॉलंडचे व्यक्तिमत्त्वाचे सहा प्रकार, अभिक्षमता चाचण्या, मुलाखतीची तंत्रं, गटमार्गदर्शन, नोंदी ठेवणं. शासनाने 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. त्या काळात वर्गशिक्षक असलेल्यांना कल म्हणजे आवड आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पालकांना समजावताना आलेला घाम आठवत असेल. दोन्ही अभ्यासक्रम तिथे उपयोगी पडतात. अभिक्षमतेच्या संचात एक ‘कारकुनी क्षमता’ असते. मुलाचा तिथला गुण सगळ्यात वर दिसला की वडिलांचा चेहरा पडतो. खरं तर ती आकडे-अक्षरं झपाट्याने आणि न चुकता ताडून बघण्याची क्षमता. सीएच्या आर्टिकलशिपपासून औषधांच्या दुकानापर्यंत सगळीकडे तिच्यावर भागतं. हे वडिलांना न दुखावता सांगायचं कसं, ते मात्र पुस्तकातून येत नाही, समोर माणूस बसवूनच शिकावं लागतं. आणि माझ्यासाठी निकाल लागला तो नेमका इथेच.

संध्याकाळच्या वर्गाची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती भक्कम आहे. पगार चालू राहतो. घर सोडावं लागत नाही. शिकवणारे बरेचदा मुंबईत स्वतः प्रॅक्टिस करणारे असतात, त्यामुळे उदाहरणं ताजी आणि आपल्या शहरातली. वर्गात एचआरवाली, नर्स, क्लास चालवणारा, निवृत्तीला आलेला बँक अधिकारी अशी मिसळ असते आणि त्या चर्चेतून बरंच मिळतं. मुलुंडहून दादरकडे संध्याकाळी निघालं तर उलट्या दिशेची गाडी, चक्क बसायला मिळतं. परतीचं मात्र विचारू नका.

पण माहितीपत्रकावर जी वेळ छापलेली असते ती व्याख्यानांची. प्रात्यक्षिकाची नव्हे. डिप्लोमात चाचण्या घ्यायच्या असतात, मुलांशी प्रत्यक्ष बोलून केस लिहायच्या असतात, एखाद्या शाळेत जाऊन वर्गाला मार्गदर्शन करायचं असतं, आणि हे सगळं देखरेख करणाऱ्यांच्या सहीनिशी. आता मुलं शाळेत कधी असतात? मी शाळेत असतो तेव्हाच! रात्री आठ वाजता दहावीचा मुलगा समुपदेशनाला कुठून आणायचा? मी चौकशीला गेलो तेव्हा समन्वयकांना हेच विचारलं. त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या, “सर, तेवढं अ‍ॅडजस्ट करावं लागतं.”

हे अ‍ॅडजस्ट करणं म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं. आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी असाच संध्याकाळचा डिप्लोमा केला. कधी अर्धी रजा, कधी सीएल म्हणजे किरकोळ रजा, कधी ‘दोन तासांत जाऊन येते’. प्रत्येक वेळी त्यांचे तास कोणीतरी घ्यायचे, म्हणजे आमच्यापैकीच कोणाचा तरी मोकळा तास जायचा. मुख्याध्यापक चांगले, नाही म्हणायचे नाहीत. पण दर वेळी चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. प्रात्यक्षिकाच्या शाळेत पोचावं तर तिथे ऐनवेळी घटक चाचणी लागलेली किंवा मुलांना कुठल्याशा रॅलीला नेलेलं. सही देणाऱ्या बाई तीनपर्यंतच भेटणार. वर्षअखेरीला मॅडमच्या सीएल संपल्या, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बिनपगारी रजा टाकावी लागली, आणि स्टाफरूममध्ये ‘ह्यांचं आपलं नेहमीचंच’ हे वाक्य जन्माला आलं. डिप्लोमा त्यांनी उत्तम केला, हे मुद्दाम सांगतो. पण हप्ते फेडताना मुद्दलाहून व्याजच जास्त जावं, तशी त्यांची रजा गेली.

एनसीईआरटीच्या रचनेत ही गाठ सुटलेली आहे. डिप्लोमा जानेवारी ते डिसेंबर. पहिले सहा महिने घरबसल्या वाचन आणि स्वाध्याय. मग तीन महिने केंद्रावर राहून शिक्षण. शेवटचे तीन महिने आपल्या गावी, शक्यतो आपल्याच शाळेत, इंटर्नशिप. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीचं केंद्र भोपाळला, श्यामला हिल्सवरच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत. सीएसएमटीहून रात्री पंजाब मेल धरली की सकाळी भोपाळ. म्हणजे रजा लागते ती एकदाच, मोठी, पण तिचा आरंभ आणि शेवट आधीपासून सगळ्यांना ठाऊक. तीन महिने माझ्या जागी तासिका तत्त्वावर एक तरुण शिक्षक आला. मुलांची सोय झाली, मुख्याध्यापकांचं वेळापत्रक सुटलं, कोणाचाही मोकळा तास गेला नाही. रजेचा काही भाग बिनपगारी होता. घरी त्यावर चर्चा झाली, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

आणि त्या तीन महिन्यांतच खरं काम होतं, असं मला वाटतं. दिवसभर तेच, रात्री वसतिगृहातही तेच. गुजरात, छत्तीसगड, मध्य प्रदेशातले शिक्षक सोबत. एकाने विद्यार्थी व्हायचं, दुसऱ्याने समुपदेशक, बाकीच्यांनी बघायचं आणि नंतर बोलायचं. शिक्षकाला सगळ्यात अवघड जातं ते उत्तर न देणं. मुलगा म्हणाला “मला सायन्स नको”, की आमच्या तोंडून पुढचं वाक्य आपोआप येतं. ते वाक्य गिळायला शिकण्यात माझा पहिला महिना गेला. संध्याकाळच्या वर्गात हे शिकवत नाहीत असं मी म्हणणार नाही, शिकवतातच. पण दिवसभर साठ-साठ मुलांपुढे बोलून आलेला माणूस रात्री साडेसातला रोल प्लेला बसतो, तेव्हा त्याचं निम्मं लक्ष कुठल्या डोंबिवली फास्टमध्ये असतं, हे मला माझ्यावरून कळतं.

परत आलो ते ऑक्टोबरात, सहामाही परीक्षेच्या तोंडावर. इंटर्नशिपला याहून चांगला हंगाम नाही. दिवाळीनंतर दहावीच्या मुलांना एकदम जाग येते आणि ‘पुढे काय’ विचारायला ती आपणहून येतात. माझी मुलं, माझी शाळा, माझा मोकळा तास. वर्गशिक्षक असल्याने एक अडचण मात्र आली. तासाला रागावणारे सर मधल्या सुट्टीनंतर ऐकून घेणारे होतात, यावर मुलांचा चटकन विश्वास बसत नाही. म्हणून मी इंटर्नशिपसाठी दुसऱ्या तुकडीची मुलं घेतली.

एवढं म्हटलं तरी भोपाळ सगळ्यांसाठी नाही. तो अभ्यासक्रम मुळात शिक्षक आणि शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्यांना धरून आखलेला आहे. बँकेत किंवा आयटीत असाल तर पात्रतेच्या अटी आधी वाचा, आणि सलग तीन महिने कोण सोडतंय हेही बघा. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर प्रश्नच मिटला. ज्यांची शाळा सकाळच्या सत्राची आहे, साडेबाराला सुटते, त्यांना तर मी संध्याकाळचाच वर्ग सुचवेन. दुपारच्या सत्राच्या शाळा प्रात्यक्षिकासाठी त्यांना मोकळ्या मिळतात, माझी तक्रार त्यांना लागूच होत नाही. बाकीच्यांनी प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: प्रात्यक्षिक कोणत्या वारी आणि किती ते किती, देखरेख करणारे शनिवारी-रविवारी भेटतात का, आणि शाळेऐवजी कोचिंग क्लासमधली किंवा सोसायटीतली मुलं चालतात का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर संध्याकाळच्या वर्गाचं पारडं बरंच वर येतं. उत्तर ‘बघू’ असेल, तर ते ‘नाही’ धरून चाला.

भोपाळचं ठरलंच, तर रजेचं बोलणं फॉर्म भरण्याच्या आधी करा. पहिल्यांदा मुख्याध्यापकांशी, मग त्यांच्यामार्फत शाळा चालवणाऱ्या संस्थेशी, आणि परवानगी लेखी घ्या. तोंडी ‘हो’ म्हणणारे सचिव जूनपर्यंत बदललेले असू शकतात. मे महिन्यात सुट्टी लागण्यापूर्वी आपल्या जागी तासिकेवर कोण येणार ते ठरवून टाकावं, शक्य असेल तर माणूस आपणच सुचवावा. शाळेचं वेळापत्रक एकदा फळ्यावर लागलं की त्यात तुमच्यासाठी फेरफार करायला कोणीही राजी नसतं. दहावीचा वर्ग त्या वर्षापुरता दुसऱ्याकडे द्यायची तयारी दाखवलीत तर परवानगी लवकर मिळते, निदान मला तरी मिळाली.