'मॅश'चा तिसरा सीझन की चौथा?

'मॅश' बघायची इच्छा आहे पण अकरा सीझन बघायचं त्राण नाही, असं म्हणणारं कुणी ना कुणी मला अधूनमधून भेटतंच. त्यांचं काही चुकत नाही. कोरियातलं युद्ध तीन वर्षांत थांबलं, त्यातल्या एका फिरत्या सैनिकी रुग्णालयावरची ही अमेरिकी विनोदी मालिका मात्र १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं चालली. अडीचशेच्या वर भाग. नोकरी-संसार सांभाळून हे कोण बघणार? म्हणून मग प्रश्न येतो, 'एकच सीझन सांग.'

माझ्यापुरतं उत्तर तिसरा आणि चौथा या दोघांवर येऊन थांबतं. पहिल्या दोघांत मालिका स्वतःचा सूर शोधते आहे, असं मला वाटतं. चौथ्यानंतर मालिकेचे मुख्य लेखक लॅरी गेल्बार्ट बाहेर पडले आणि पुढे विनोदाची जात बदलली. सहाव्यापासून येणारा विंचेस्टर हा सर्जन मला मनापासून आवडतो, नंतरच्या सीझनांत काही भाग फार मोठे आहेत, हे सगळं मान्य. पण एकच घ्यायचा तर या दोघांतला घ्यावा. लिहिणारे-करणारे बरेचसे तेच, तळ तोच, तंबू तेच. मधल्या सुट्टीत दोन माणसं मात्र बदलली: तळाचा प्रमुख कर्नल हेन्री ब्लेक गेला आणि शर्मन पॉटर आला, सर्जन ट्रॅपर गेला आणि बी. जे. हनिकट आला. तुलना करायला इतकी सोयीची जोडी दुसरी नाही.

आधी तिसऱ्याबद्दल, कारण बहुतेक जाणकार तुम्हाला तोच सुचवतील आणि त्यांच्याकडे कारणं आहेत.

निव्वळ हसण्याच्या बाबतीत तिसरा पुढे आहे. मालिकेचा नायक सर्जन हॉकआय आणि ट्रॅपर ही दोन वाह्यात कॉलेजकुमारांची जोडी आहे. एकानं वाक्य सुरू करावं आणि दुसऱ्यानं संपवावं. 'अ‍ॅडम्स रिब्ज' नावाच्या भागात रोजची लिव्हर आणि मासे खाऊन पिसाळलेला हॉकआय थेट शिकागोच्या एका खानावळीतून बरगड्यांचं मटण मागवतो. अर्धा तास फक्त तेवढ्यासाठीची खटपट. मेसच्या जेवणावर ज्यांनी वर्षं काढली आहेत त्यांना हा भाग सांगावा लागत नाही. सीझनची सुरुवात तर एका ठार वेड्या जनरलनं होते, आणि हा जनरल झालेला हॅरी मॉर्गन पुढच्याच सीझनमध्ये शहाणा कर्नल पॉटर होऊन परत येतो. पहिल्यांदा बघताना मला वाटलं, जनरलची पदावनती केली की काय.

आणि हेन्री. मासेमारीची टोपी घालून बसलेला, समोर आलेल्या कागदावर न वाचता सही ठोकणारा, घराच्या आठवणीनं कासावीस झालेला साधा डॉक्टर. मक्लीन स्टीव्हन्सन या नटानं त्याला इतकं मऊ केलंय की त्याच्यावर रागावताच येत नाही. आमचे एक मामा आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झाले, पुण्यातच एएफएमसी या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. त्यांना मी काही भाग दाखवले. हेन्रीकडे बघून म्हणाले, "असला सीओ मिळाला तर युनिट बुडेल, पण पोरं सुखात राहतील." पॉटरबद्दल त्यांचं मत पुढे सांगतो.

मामांचं एक मागणंही सांगून टाकतो. कोरिया म्हटलं की ते हटकून ६० पॅरा फील्ड अँब्युलन्सचं नाव काढतात. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली आपले सैनिकी डॉक्टर त्या युद्धात होते, मार्च १९५१ मध्ये त्यांतले काही मुनसानला पॅराशूटनं उतरले, आणि रंगराज यांना महावीरचक्र मिळालं. युद्ध थांबल्यावर कैद्यांची देखरेख करायला गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे थोरात होते. "यांच्यावर काढा की मालिका," हे मामांचं म्हणणं. मला ते पटतं, पण तो आजचा विषय नाही.

तर तिसरा. मग मी त्याच्या बाजूनं का नाही? एका गोष्टीपायी, आणि ती गोष्ट म्हणजे टेपवरचं हसू.

त्या काळच्या अमेरिकी विनोदी मालिकांना मागून हसू चिकटवायची पद्धत होती. सीबीएस वाहिनीचा तसा आग्रह होता. निर्मात्यांनी एवढंच पदरात पाडून घेतलं की शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हसू असणार नाही. बीबीसीनं इंग्लंडात मालिका दाखवली ती हसू वगळून. आपल्या नशिबी बहुधा हसूवालीच प्रत येते. मी पहिल्यांदा बघितली ती तशीच, आणि ती रात्री. लॅपटॉपचा आवाज कितीही कमी केला तरी भिंतीतून पलीकडे जायचं ते हसूच. बोलणं नाही, संगीत नाही, फक्त दर दहा सेकंदांनी उसळणारा तो घोळका. शेजारच्या खोलीतून आई विचारायची, "अरे, इतक्या रात्री कोण आलंय?"

इथवर ती गंमत होती. पण माझ्या हातून एक घोळ झाला होता. मावसभावाच्या घरी सुट्टीत मालिका बघायला सुरुवात केली ती चौथ्या सीझनपासून, कारण त्याच्याकडे तोच होता. नवा कर्नल आला म्हणजे जुना गेला हे उघडच होतं. का गेला ते मी उत्सुकतेपोटी वाचून बसलो. मग नंतर कधीतरी तिसरा हाती लागला. म्हणजे हेन्रीचं शेवटी काय होणार हे मनात पक्कं ठेवून मी चोवीस भाग बघितले. तुम्ही अजून वाचलं नसेल तर वाचू नका. मीही इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की तिसऱ्याच्या शेवटच्या भागात, 'अ‍ॅबिसिनिया, हेन्री'त, तळावरचा कारकून रेडार मास्क न लावता ऑपरेशनच्या खोलीत येतो आणि हातातला कागद वाचतो. तिथं हसू नाही, कारण करारच तसा होता. वाहिनीशी घासाघीस करून मिळवलेली ती सवलत त्या दीड मिनिटात सगळी वसूल होते.

पण त्याआधीचं काय? हेन्री अडखळला की हसू. हेन्रीनं बायकोचं नाव काढलं की हसू. घरी जायचा हुकूम आला म्हणून तो वेडापिसा होतो, तिथंही हसू. मला त्याचं पुढचं माहीत, आणि त्या न दिसणाऱ्या घोळक्याला काही सोयरसुतक नाही. लग्नाच्या घरात एखाद्या भोळ्या काकांची सगळे मिळून टर उडवतात आणि आपल्याला एकट्यालाच ठाऊक असतं की काकांचा रिपोर्ट चांगला आलेला नाही, तसं काहीसं. सहाव्या-सातव्या भागापर्यंत मी आवाज बंद करून सबटायटल्स वाचायला लागलो होतो.

पुढे डीव्हीडीचा संच मिळाला, त्यात हसू बंद करायची सोय होती. स्ट्रीमिंगवर मी जिथं बघितलं तिथं ती नव्हती. तुमच्याकडे तो संच असेल तर माझी निम्मी तक्रार इथंच संपते, आणि तुम्ही खुशाल तिसरा घ्या. हसू काढल्यावर तिसऱ्यात एक विलक्षण गोष्ट होते. विनोद तेच, पण हॉकआयची बडबड एकदम उघडी पडते. समोर कुणी हसत नाही, तरी हा बोलतोच आहे, कारण थांबला तर झोपेल किंवा रडेल. ऑपरेशनच्या खोलीतच घडणारा 'ओ. आर.' हा संपूर्ण भाग तेव्हाही हसण्याविना दाखवला होता. त्यासाठी जीन रेनॉल्ड्स यांना दिग्दर्शनाचं एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं. मामा हा भाग बघताना एक शब्द बोलले नाहीत, शेवटी फक्त, "ओटीत पाय असे दुखतात," म्हणाले.

चौथ्यातही हसू आहे, हे कबूल. पण माझ्या माहितीत तिसऱ्यात 'ओ. आर.' हा एकच भाग त्याविना आहे, आणि चौथ्यात तीन: 'द बस', 'क्वो वाडिस, कॅप्टन चँडलर?' आणि 'द इंटरव्ह्यू'. उरलेल्या भागांतही ते मला जरा दबकं वाटलं. मोजलेलं नाही, आईनं कमी वेळा हाक मारली, एवढाच पुरावा.

'द बस'मध्ये नादुरुस्त बसमध्ये पाच माणसं रात्रभर अडकतात, बाहेर शत्रू असेल-नसेल. शरण आलेला एक जखमी शत्रुसैनिकच शेवटी इंजिन चालू करून देतो. कॅप्टन चँडलर हा बाँब टाकून टाकून थकलेला वैमानिक दलातला माणूस, आता आपण येशू ख्रिस्त आहोत असं शांतपणे सांगतो. जाताना रेडार त्याच्यापुढे आपलं टेडी अस्वल धरतो, आशीर्वादासाठी. इथं कुणी हसलं असतं तर मी मालिका सोडली असती. चौथ्यातला आणखी एक भाग नुसता 'हॉकआय' नावाचा: डोक्याला मार लागलाय, झोप लागता कामा नये, म्हणून तो एका कोरियन कुटुंबासमोर अर्धा तास बोलत राहतो, आणि त्यांना इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. नेहमीच्या मंडळींपैकी बाकी कुणीच या भागात नाही.

माणसांच्या बदलाबद्दल. बी. जे. ट्रॅपरइतका धमाल नाही, हे खरं. घरी बायको, लहान मुलगी, सभ्य माणूस. पण सुरुवातीच्या 'वेलकम टु कोरिया'त तो विमानतळावरून तळावर येईपर्यंत वाटेत जे बघतो आणि रस्त्याकडेला ओकतो, त्यातून आपणही त्याच्याबरोबर नव्यानं आत शिरतो. एकच सीझन बघणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं. ओळख करून द्यायला मालिकेनंच नवखा माणूस आणून दिला आहे. या भागासाठीही रेनॉल्ड्सना एमी मिळालं. ट्रॅपरला मात्र धड निरोपही मिळत नाही. तो आधीच निघून गेलेला असतो, हॉकआय धावत विमानतळ गाठतो आणि थोडक्यात चुकतो. ट्रॅपर झालेल्या वेन रॉजर्सनं मालिका सोडलीच तशी, सुट्टीत. आपली भूमिका हॉकआयची सावली होऊन बसली ही त्याची तक्रार होती. ट्रॅपरवर जीव असलेल्यांना हे आजही लागतं. मला ते युद्धाला साजेसं वाटलं.

पॉटर आला की मामा सरसावून बसले. पहिल्या महायुद्धात घोडदळात असलेला हा जुना सैनिक हॉकआयच्या तंबूतली दारूची भट्टी बघतो आणि चिडायच्या ऐवजी आपल्या जुन्या भट्टीची आठवण काढतो. "हा खरा," मामा म्हणाले. पुढे 'डिअर मिल्ड्रेड'मध्ये त्याला घोडा भेट मिळतो तेव्हा त्याचा चेहरा बघा.

चौथ्यातलं खटकणारंही सांगायला हवं. हॉकआयचा सहकारी सर्जन फ्रँक बर्न्स इथं निव्वळ बुजगावणं झालाय. तिसऱ्यात त्याला ट्रॅपर आणि हॉकआय मिळून छळायचे, इथं छळण्यासारखंही काही उरत नाही. नर्सांवरचे विनोद दोन्हीकडे जुनाट. आणि चौथा आधी बघितलात तर तिसऱ्याच्या शेवटाचा धक्का कायमचा हुकतो. मी तो हुकवलाय, त्यामुळे या बाबतीत माझ्यावर फार विसंबू नका.

तारखांकडे एकदा नजर टाका. तिसरा सीझन संपला १८ मार्च १९७५ ला, चौथा सुरू झाला १२ सप्टेंबरला, आणि मध्ये ३० एप्रिलला सायगाव पडलं, व्हिएतनामचं युद्ध संपलं. कोरियाच्या नावाखाली व्हिएतनामबद्दल बोलणाऱ्या मालिकेच्या प्रेक्षकांनी त्या सुट्टीत बातम्यांमध्ये खरी हेलिकॉप्टरं बघितली होती. चौथ्यात मला जो एक थकवा जाणवतो तो त्यातून आला असेल, किंवा माझ्या मनात असेल.

तो सर्वांत जास्त 'द इंटरव्ह्यू'त आहे. चौथ्याचा शेवटचा भाग, गेल्बार्ट यांचाही शेवटचा, कृष्णधवल. क्लीट रॉबर्ट्स हा खरोखरचा युद्धवार्ताहर एकेकाला कॅमेऱ्यासमोर बसवून प्रश्न विचारतो. मुख्य परिचारिका मार्गारेट या भागात नाही, तिची उणीव भासते. पण तळावरचा धर्मगुरू फादर मल्काही थंडीतल्या शस्त्रक्रियांबद्दल बोलतो, उघड्या जखमेतून वाफ निघते आणि डॉक्टर त्या वाफेवर हात शेकतात, तेव्हा मी लॅपटॉपवर पुढे वाकलो होतो.

रात्रीचे पावणेबारा झाले असतील. शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, "झोपलास का रे? आज तुझी ती माणसं आली नाहीत."