अनुनाद नळी : शाळेसाठी घ्यावी, फक्त लांबी बघून

ध्वनीसाठी ‘वेग = वारंवारता × तरंगलांबी’ हे सूत्र नववीच्या मुलांना पाठ असतं. वारंवारता नादकाट्यावर (ठोकल्यावर एकच ठरावीक सूर देणारा धातूचा दुशाखी काटा) कोरलेली असते. पण हवेतली तरंगलांबी मोजायची कशाने? तेवढ्यासाठी मी प्रयोगशाळेत ही नळी मागवली. अंबाल्याचा माल. एक मीटर उंच काचेची नळी, रबरी नळीने जोडलेला पाण्याचा डबा, लोखंडी स्टँड आणि शेजारी मीटरपट्टी.

काच छान आहे, आतला व्यास ३ सेंमी, खालचा जोड अजिबात गळत नाही. डब्याचा स्क्रू मात्र ढिला. भरलेला डबा हळूहळू खाली घसरतो आणि पातळी हलते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये घातल्यावर बसला घट्ट.

५१२ हर्ट्झचा पोलादी नादकाटा रबरी ठोकळ्यावर मारून नळीच्या तोंडाशी धरायचा आणि डबा खाली घेत नळीतलं पाणी सावकाश उतरवायचं. पट्टीवर पातळी १६.४ सेंमीला आली की नळी एकदम घुमते, हाच अनुनाद. मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे येतात! तसंच उतरवत राहिलं की ५०.४ला पुन्हा घुमते, जरा हळू. लागोपाठच्या दोन अनुनादांतला फरक ३४ सेंमी, म्हणजे अर्धी तरंगलांबी. पूर्ण ६८. ५१२ × ०.६८ = ३४८ मीटर प्रतिसेकंद. खोलीत २८ अंश तापमान होतं. शून्य अंशाला ३३१ आणि पुढे दर अंशाला ०.६ धरलं तरी उत्तर तेच.

दुसरी नोंद सोडू नका, हे मी आग्रहाने सांगते. पट्टीचं शून्य नळीच्या तोंडाच्या ३ मिलिमीटर वर बसवलंय. शिवाय लाट काठाशी संपत नाही, व्यासाच्या ०.३ पट, म्हणजे इथे ९ मिलिमीटर, बाहेर येते. पहिला अनुनाद पाव तरंगलांबीला येतो म्हणून पहिल्याच नोंदीची चौपट केली तर वेग ३३६ येतो. वजाबाकीत या दोन्ही चुका आपोआप उडतात, आणि हे मुलांनी स्वतःच्या वहीत बघितलं की त्यांना वेगळं समजावावं लागत नाही.

खरी उणीव लांबीची. २५६ हर्ट्झला दुसरा अनुनाद १०१ सेंमीच्या आसपास येतो. नळी त्याआधीच संपते. २८८ला तो ९० सेंमीच्या आसपास मिळतो, तिथून ५१२पर्यंत अडचण नाही. पाचपैकी चार तारे. २५६चा नादकाटा वापरायचाच असेल तर ऑर्डर देताना सव्वा मीटरची नळी मागा.