सिंगापूर की पोर्ट ब्लेअर? सोलापूरकराने कुठलं बेट निवडावं

सोलापूरकराच्या वाट्याला आलेलं बेट एकच, तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ. एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं की त्याचं बेटपणही निम्मं होतं. आमच्याकडे कुणी ‘समुद्र बघायचाय’ म्हणालं तर एरवी गोवा नाहीतर गणपतीपुळ्यावर भागतं. माझ्या मामेभावाचं या वेळी भागेना. तो एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. मामा निवृत्त झाले, हातात चार पैसे आले आणि घरात दोन तट पडले. पाचवीतल्या पोराला सिंगापूर हवं, मामांना अंदमान. पार्क चौकात चहा पिताना त्याने मला धरलं, ‘‘दादा, तू दोन्ही बघून आलायस. गोल गोल सांगू नको, एक नाव सांग की.’’

एक नाव सांगितलं, पण त्याआधी दीड तास गेला. त्यातलं कामाचं तेवढं इथे मांडतो.

आधी जाण्याचं बोलू, कारण निम्मे बेत तिथेच मोडतात. दोन्हीकडे जायला आपल्याला आधी हैदराबाद, मुंबई नाहीतर चेन्नई गाठावी लागते. चेन्नईच्या गाड्या सोलापूरवरूनच जातात, त्यामुळे पोर्ट ब्लेअरला जाणाऱ्यांना तो रस्ता सोयीचा. तिथून विमान दोन-सव्वादोन तासांचं. जहाजही आहे, पण तीन दिवस लागतात. मामींना बोटीचा त्रास होतो, म्हणजे तो विषय संपला. पोर्ट ब्लेअरला आधार कार्ड पुरतं. सिंगापूरला किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट हवा, व्हिसा हवा आणि तो अधिकृत एजंटामार्फतच काढावा लागतो. शिवाय पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतं. ते फुकट आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण मला त्याचेही पैसे लावले गेले होते आणि मी निमूट दिले होते.

‘अंदमान देशातच आहे, म्हणजे स्वस्त’ हा हिशेब मात्र तपासून घ्या. तिथे रस्ता जात नाही, रेल्वे जात नाही. सुट्टीच्या दिवसांत विमानभाडं इतकं चढतं की सिंगापूरच्या तिकिटाशी बरोबरी करतं. फरक पडतो तो राहण्यात. सिंगापूरचा एक डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास, आणि तिथलं साधं हॉटेलही आपल्या खिशाला जड जातं.

आता इतिहास. इथे बहुतेक जण सरळ वाटणी करून टाकतात: पोर्ट ब्लेअर म्हणजे सेल्युलर जेल, सिंगापूर म्हणजे चकचकाट. मीही असंच समजून गेलो होतो. पण काळं पाणी दोन्हीकडे होतं, आणि सिंगापूरचं आधीचं.

ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी स्टॅम्फर्ड रॅफल्स सिंगापूरला उतरला १८१९ मध्ये. १८२५ पासून कंपनी सरकारने हिंदुस्थानातले कैदी तिकडे पाठवायला सुरुवात केली. बंगाल, मद्रासबरोबर मुंबई इलाख्यातलेही. त्यांच्याकडून दलदली बुजवून घेतल्या, रस्ते करून घेतले, विटा पाडून घेतल्या. शहराच्या मधोमध पांढरंशुभ्र सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आहे. १८५६ ते १८६१ या काळात ते बांधलं याच कैद्यांनी. भिंतीला बाहेरून जो गुळगुळीत गिलावा आहे, त्याला मद्रास चुना म्हणतात. चुन्यात अंड्याचा पांढरा बलक आणि जाडी साखर कुटून लगदा करायचा, नारळाच्या काथ्या भिजवलेलं पाणी घालून तो सैल करायचा आणि वाळल्यावर दगडाने घासून घासून चकाकी आणायची. मी त्या भिंतीवरून हात फिरवला आणि आमच्या जुन्या वाड्याचा सोपा आठवला. आजोबा सांगायचे, चुन्यात गूळ घातलाय म्हणून ऐंशी वर्षं टिकलाय. हात कुठलाही असो, कसब आपल्या ओळखीचं होतं. आजूबाजूला शंभर माणसं फोटो काढत होती, पण कुणाचं लक्ष गिलाव्याकडे नव्हतं.

१८५७ नंतर सरकारला बंडवाल्यांसाठी जास्त दूरची, जास्त एकाकी जागा हवी होती. मार्च १८५८ मध्ये दोनशे कैद्यांची पहिली तुकडी पोर्ट ब्लेअरला उतरली. ब्रिटिशांनी १७८९ मध्ये तिथे एकदा वसाहत करून पाहिली होती, पण आजारपणाने काही वर्षांतच गाशा गुंडाळला होता. सिंगापूरच्या गोऱ्या व्यापाऱ्यांना तोवर आपल्या शहरात कैदी नकोसे झाले होते. १८७३ मध्ये तिथला तुरुंग मोडला आणि उरलेल्यांतले अनेक अंदमानात हलवले. म्हणजे मामांना आणि नातवाला जिथे जायचंय, ती दोन गावं एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. एका गावाने ती गोष्ट उघडी ठेवली, दुसऱ्याने तिच्यावर सुंदर गिलावा केला.

सेल्युलर जेलबद्दल मराठी माणसाला नव्याने काय सांगायचं असं वाटतं, पण जाऊन उभं राहिल्यावर कळतं की आपल्याला कोठडी माहीत होती, इमारत माहीत नव्हती. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधकाम चाललं. मधे मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटलेल्या सात तीनमजली ओळी. कोठड्या जवळपास सातशे. एका ओळीतल्या कोठड्यांची तोंडं पुढच्या ओळीच्या पाठीकडे, त्यामुळे कुणाला कुणाचा चेहरा दिसू नये अशी सोय. बाबाराव आणि विनायकराव हे सख्खे सावरकर बंधू एकाच तुरुंगात होते, तरी बराच काळ एकमेकांना भेटू शकले नाहीत, ते का हे नकाशा पाहूनच समजतं. आता सातांपैकी तीनच ओळी उरल्यात.

कोठडीचा कडी-कोयंडा नीट बघा. लोखंडी दांडा दाराला लागून संपत नाही. भिंतीत बाजूला खोबण केलीय, तिथपर्यंत जातो आणि तिथे कुलूप. आतल्या माणसाने गजांतून हात बाहेर काढला तरी बोटं पोचत नाहीत. मी घालून पाहिला, चार-पाच इंच कमी पडले. कोलू तर आपल्या लिंगायत गल्लीतल्या तेलघाणीसारखाच. आपल्याकडे त्याला बैल जुंपत. तिथे माणूस, आणि रोजचं माप तीस पौंड खोबरेल. मामांना मी एवढंच म्हटलं की तुम्ही चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाता. ते ज्यात फासावर गेले तो १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ तुमच्या वडिलांनी बघितलेला. तुम्हाला तिथे गाईड लागणार नाही.

दुसरा धागा सुभाषबाबूंचा, आणि तो सिंगापूरपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत ताणलेला आहे. ५ जुलै १९४३ ला सिंगापूरच्या पाडांग मैदानावर त्यांनी ‘चलो दिल्ली’ची हाक दिली, २१ ऑक्टोबरला तिथल्याच कॅथे इमारतीत आझाद हिंद सरकारची घोषणा केली, आणि ३० डिसेंबरला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. सिंगापूरचं आझाद हिंदचं स्मारक ब्रिटिशांनी १९४५ मध्ये परत आल्यावर उडवून दिलं. आता एस्प्लनेडच्या बागेत १९९५ ची एक खूण आहे, शोधावी लागते. पोर्ट ब्लेअरला झेंड्याची जागा कुणीही दाखवतं. मात्र तिथल्या जपानी राजवटीबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं. झेंडा फडकला त्यानंतर महिन्याभरात, ३० जानेवारी १९४४ ला, जपान्यांनी हंफ्रेगंजला हेरगिरीच्या संशयावरून ४४ जणांना गोळ्या घातल्या. सिंगापूरमध्ये १९४२ मध्ये हजारो चिनी नागरिक मारले गेले. त्यांचं आणि बाकीच्या समाजातल्या मृतांचं स्मारक म्हणजे कॅथीड्रलजवळचे ते चार उंच खांब.

बघण्यासारखं आणखी काय, हे भराभर सांगतो. पोर्ट ब्लेअरसमोरचं रॉस बेट, आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, चुकवू नका. साहेबांची राजधानी होती ती. चर्च, बेकरी, बंगले, आणि सगळ्यांना आता झाडांच्या मुळांनी आवळलंय. हरणं माणसाला भीत नाहीत. चॅथमची लाकूड गिरणी १८८३ ची. माउंट हॅरिएट, म्हणजे आता माउंट मणिपूर, याच्या पायथ्याशी १८७२ मध्ये शेर अली आफ्रिदीने व्हाइसरॉय मेयोला भोसकलं. वरून जे दृश्य दिसतं ते तुमच्या खिशात असू शकतं, कारण वीसच्या जुन्या तांबूस नोटेच्या मागे नारळाची झाडं आणि दीपगृह आहे, ते हेच. गावासाठी दोन दिवस पुरेत; पुढे हॅवलॉक आणि नील, म्हणजे स्वराज आणि शहीद द्वीप, धरून पाच-सहा. आणि हो, सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचंही नाव श्री विजयपुरम आहे. रिक्षावाल्याला दोन्ही कळतं.

सिंगापूर सगळं मिळून साडेसातशे चौरस किलोमीटरसुद्धा नाही. आपल्या जिल्ह्यात अशी वीस मावतील. पण पोरांसाठी तिथे जे आहे त्याला अंदमानात तोड नाही. रात्रीची जंगल सफारी, गार्डन्स बाय द बे, सेंटोसाचं करमणुकीचं बेट, विमानतळावरच चाळीस मीटरवरून कोसळणारा घरातला धबधबा. सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेला मर्लायन १९७२ चा, म्हणजे मामांपेक्षाही लहान, त्याच्यासाठी फार वेळ घालवू नका. मला स्वतःला आवडली ती १८५९ ची बोटॅनिक गार्डन. फुकट, सावली भरपूर, आणि कुणी काही विकत नाही. लिटल इंडियात संध्याकाळी फिरलात तर फुलांचे गजरे, सोन्याची दुकानं आणि तमिळ पाट्या बघून आपण सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, आलोय की काय असं वाटतं. दिवाळीत तो रस्ता दिव्यांनी सजतो.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणूस सिंगापूरमध्ये उपाशी राहत नाही, पण आपल्या चवीच्या जेवणासाठी लिटल इंडियाच बरं. बाकी ठिकाणी हॉकर सेंटर, म्हणजे शेकडो गाळ्यांची खाऊगल्ली, स्वस्त आणि झकास. तिथे वासाचीच मामींना अडचण होईल. पोर्ट ब्लेअरला बंगाली, तमिळ, तेलुगू सगळे आहेत, हिंदी सर्रास चालते, इडली-डोसा-थाळी कुठेही. आमच्या शेजारचे पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले, काका तिथे जाऊन आठ दिवस तेलुगूतच बोलत होते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन्हीकडे न्या. सिंगापूरला मात्र खसखस चालत नाही. बंदी आहे, गंमत नाही. मसाल्याचा डबा तपासूनच बॅगेत टाका. गुटखा आणि चघळायचा तंबाखूही नाही, च्युइंग गमसुद्धा नाही. मामेभावाने इथे पहिल्यांदा कान टवकारले.

हवेत फसू नका. ‘आपण ४३ डिग्रीत राहतो, आपल्याला काय’ असं मीही म्हणालो होतो. आपला घाम वाळतो, तिकडचा वाळत नाही, एवढंच सांगतो. सिंगापूरला पाऊस बारमाही, पण तासाभरात उरकतो आणि तोवर तुम्ही मेट्रोत किंवा मॉलमध्ये उभे असता. अंदमानला मेच्या उत्तरार्धात मान्सून लागतो आणि मग बोटींचा भरवसा राहत नाही. शाळेच्या सुट्टीत जायचं तर सिंगापूर. अंदमान डिसेंबर ते मार्च. घड्याळाचंही भान ठेवा. अंदमानात आपलीच वेळ चालते, पण डिसेंबरात सूर्य पाचलाच मावळतो, म्हणून दिवस सकाळी सहाला सुरू करायचा. सिंगापूर अडीच तास पुढे, आणि तिथे बाराही महिने सातच्या सुमारास उजाडतं, सातच्या सुमारास मावळतं.

मामांचे गुडघे हा खरा मुद्दा होता. सिंगापूरला लिफ्ट, सरकते जिने, सपाट फुटपाथ सगळं आहे, तरी दिवसाकाठी दहा-बारा हजार पावलं होतातच, कारण सगळं चालतच बघायचं असतं. अंदमानला चाल कमी, पण बोटीत चढा-उतरायची कसरत आणि जेलचे जिने. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, ओळीच्या पार टोकाला. त्यावर मामा म्हणाले, ‘‘तेवढे चढतो की बे. त्यासाठीच चाललोय.’’

म्हणून मी नाव सांगितलं ते पोर्ट ब्लेअर. घरात साठीपुढची माणसं असतील आणि ती हवा म्हणत असतील, तर आधी तेच. फक्त नवरा-बायको आणि शाळेतली पोरं असतील, तर मी सिंगापूर सांगितलं असतं. एक अर्धा दिवस सेंटोसातून वाचवून कॅथीड्रलची भिंत आणि पाडांग बघायचं, एवढी अट घालून. मामेभाऊ म्हणाला, सिंगापूर दोन वर्षांनी, तोवर पोरगा सातवीत जाईल.

तारखा ठरवताना पुन्हा अर्धा तास गेला. जानेवारीचं तिकीट स्वस्त दिसत होतं, पण १३ तारखेच्या आसपासचं. मामा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, वेळी सोलापूर सोडतील तर ना. शेवटी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला. पोरगा अजून रुसलाय. त्याला मी वीसची जुनी नोट दिलीय आणि सांगितलंय की फोटो अगदी तसाच काढून आण.